विचारून उठवायचं

मिठागर रोडवरच्या चाळीतली मथुरा घाडी मुलुंड पूर्वेच्या पुष्कळ घरांना फक्त हातांनी ठाऊक होती. बाळ-बाळंतीण घरी आली की तिला बोलावणं जायचं. ती यायची, चपला दाराबाहेर सोडायची, साडी गुडघ्यांवर खोचून न्हाणीघरात पाटावर बसायची, पाय लांब करायची आणि पायांच्या त्या पन्हळीत बाळाला पालथं टाकायची. पहिलटकरीण आई दारातच डोळे मिटून घ्यायची. तोवर मथुरेचे हात मानेवरून पाठीवर, पाठीवरून तळव्यांपर्यंत फिरून आलेले असायचे. मग बाळ सुलटं, मग छाती, मग हातांची घडी, मग कोमट पाण्याची धार. तोंडाची टकळी चालूच. रड बाबा, रड, रडल्याशिवाय छाती कशी मोकळी होणार, असं ती त्याला सांगायची. बाळ रडून रडून लाल व्हायचं आणि दुपट्यात गुंडाळल्यावर असं झोपायचं की घरातल्या सगळ्यांची जेवणं निवांत व्हायची.

बाळाला कुणी विचारत नाही. उचलू का, पालथं घालू का, डोक्यावर पाणी ओतू का. हातांनी ठरवायचं आणि करून मोकळं व्हायचं.

तिच्या स्वतःच्या घरातही हाच कायदा होता, पण तो तिने केलेला नव्हता. तो चंदर घाडीचा. कणकवलीकडचं गाव, बाप गिरणीत, गिरणी बंद पडली तेव्हा चंदर नुकता कमावता झालेला. पुढे तो एका औषधाच्या कंपनीत पॅकिंग खात्यात लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. दारू नाही, हात उगारणं नाही, चार माणसांत बायकोला कधी वाकडा शब्द नाही. फक्त विचारणं नाही. लालबागची खोली सोडून मुलुंडला जायचंय, हे मथुरेला टेम्पो दारात येऊन उभा राहिला तेव्हा कळलं. "सामान बांध," चंदर म्हणाला होता. चुलीवर भात होता. तो तिने पातेल्यासकट मांडीवर घेतला आणि टेम्पोत चढली. हा किस्सा ती बाळंतिणींना हसत हसत सांगायची, आणि त्या हसायच्या बिचाऱ्या.

जेवतानाही तो बोलून काही मागत नसे. ताटाच्या कडेवर बोटाने एकदा टक् केलं की भात, दोनदा केलं की सोलकढी. मथुरेला ते ओट्यापाशी पाठमोरी असतानाही ऐकू यायचं.

मग शिमग्याला गावी जायच्या आदल्या दिवशी तो मोरीत पडला. भरलेली बॅग दाराशी तशीच राहिली. इस्पितळातून आणला तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि वाचाही. डोळे तेवढे पूर्वीचेच, रागीट.

मथुरेने सकाळची दोन घरं ठेवली, बाकीची सोडली आणि नवऱ्याला हातात घेतलं. हातात घेतलं म्हणजे अक्षरशः. तिला दुसरी रीत कुठे ठाऊक होती? पांघरूण ओढायचं, काखेत हात घालायचा, एक हिसका आणि उठवून बसवायचं. आणि सोबत तीच टकळी, "चला, उठा, तोंड धुवा, शाणे ना तुम्ही." चंदर लाकूड व्हायचा. चांगला राहिलेला डावा हात खाटेच्या लोखंडी कडेला घट्ट धरायचा आणि सगळा भार उलटा टाकायचा. ती ओढायची, तो धरून ठेवायचा. अशाच एका सकाळी दोघंही खाली आली. त्याला फारसं लागलं नाही, पण तिची कंबर धरली ती धरलीच. शेजारच्या जानकीने येऊन दोघांना उठवलं आणि म्हणाली, "मथुरे, हा पोर नव्हे गो. हत्ती आहे."

डॉक्टर बजावून गेले होते की माणूस रोज बसता झालाच पाहिजे, पडून राहिला तर छातीत कफ साठेल, पाठीला जखमा होतील. म्हणून ती झुंजत राहिली. झुंजच होती ती, रोज सकाळची.

समीक्षा, त्यांची एकुलती लेक, तेव्हा एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. वर्षभराने तिने डोक्यात घेतलं की जपानला जायचं. तिथे म्हातारी माणसं फार, त्यांचं करायला माणसं कमी. भाषा शिकायची, कामाची परीक्षा द्यायची, मग नोकरी. घाटकोपरला मृणालिनी मॅडमचा क्लास होता. समीक्षा रोज संध्याकाळी तिकडून यायची आणि स्वयंपाकघरात उभी राहून भिंतीशी जपानी बोलायची. मथुरेला वाटायचं, लग्नाचं वय, आणि ही पोरगी परक्यांच्या म्हाताऱ्यांचे पाय धुवायला निघाली. पण तिने ते बोलून दाखवलं नाही. तिचं स्वतःचं काम तरी काय होतं?

एका रविवारी समीक्षा बापाच्या खाटेशी आली. नेहमीसारखी वरून वाकली नाही. गुडघे टेकून खाली बसली, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत.

"घाडी-सान," ती म्हणाली, "ओकिमाशो का?"

मथुरा तांदूळ निवडत होती. "बापाला आडनावाने हाक मारतेस? आणि ओकायचं काय त्यात सकाळी सकाळी?"

"अगं आई, सान म्हणजे आपलं राव. आणि ओकिरु म्हणजे उठणं. उठूया का, असं विचारलं मी. थांब ना आता, उत्तर येऊ दे."

"कोण देणार उत्तर?"

समीक्षाने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मथुरेच्या सुपातले खडे निवडून संपले तरी ती बसलेलीच. आणि मग चंदरच्या डाव्या हाताचं बोट हललं. खाटेच्या लोखंडी कडेवर एकदा आपटलं.

टक्.

भात वाढ म्हणायचा तसंच.

समीक्षाने काखेत हात घातला आणि चंदर उठला. म्हणजे तिने उठवलं, पण त्याने अंग दिलं. डाव्या कोपरावर स्वतःचा भार घेतला, मान पुढे काढली, आणि बघता बघता तो खाटेच्या कडेला बसलेला होता. समीक्षा आनंदाने रडायला लागली. मथुराही उठली, सूप ओट्यावर ठेवलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. इतके महिने हिसके खाल्ले, कंबर गेली, आणि ह्या बाप्याने अंग दिलं ते कुठल्या तरी देशाच्या शब्दाला.

रात्रीची भाकरी थापताना तिने टोमणा मारलाच. "माझ्या हाताला लाकूड होता. लेक इंग्लिश बोलली की उठता."

"जपानी," समीक्षा म्हणाली.

परीक्षा झाल्या, समीक्षा पास झाली, बोलावणं आलं. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंडीच्या गावात वृद्धाश्रम होता. चाळीत पेढे वाटून झाले आणि त्याच संध्याकाळी समीक्षाने आईला समोर बसवून सांगितलं की बाबांना तू एकटीने बसवलंस तर मी जाणार. नाहीतर नाही. रोज जानकीकाकूंना बोलावणार का? पुन्हा पडलीस म्हणजे? पेढे वाटले तर वाटले, मी तिकडे कळवून टाकते.

ती तसं करेल हे मथुरेला माहीत होतं. हट्ट बापाचा होता तिच्यात.

मग मथुरेची शिकवणी सुरू झाली. शब्द तिला लगेच आला. मालीशवालीची जीभ, गुजराती घरात गुजराती, तमिळ घरात चार शब्द तमिळ. उलट शेवटचा 'का' आपलाच निघाला म्हणून तिला जरा बरंच वाटलं. हाक मारण्याचाही प्रश्न सुटला. नवऱ्याचं नाव तिने उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं, पण घाडी काय, घाडी तर तीही होती.

अडलं ते पुढे. "घाडी-सान ओकिमाशो का" म्हणताना तिचे हात आधीच काखेत गेलेले असायचे. शब्द संपायच्या आत पांघरूण निघालेलं. चंदरची पकड खाटेवर घट्ट.

"आई, थांबायचं."

"थांबले की."

"तू श्वास घेतलास फक्त."

"मग काय बसू त्यांच्या तोंडाकडे बघत? दूध उतू जाईल तिकडे."

असे किती दिवस गेले. समीक्षा चिडायची, मथुरा तिच्याहून चिडायची. शेवटी एका दुपारी, चंदरला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलेलं होतं, समीक्षा रिकाम्या खाटेकडे बोट दाखवून म्हणाली, "तू झोप."

"मी? दुपारी?"

"झोप ना."

मथुरा झोपली. चंदरच्या जागी, चंदरच्या उशीवर. समीक्षाने काही न बोलता तिच्या काखेत हात घातले आणि हिसक्याने वर ओढलं.  मथुरेचा हात आपोआप बाजूला गेला आणि खाटेची कड धरून बसला. ती लेकीला सटवी म्हणाली, कंबर मोडशील म्हणाली, आणि बोलता बोलता तिची नजर आपल्याच मुठीवर गेली. 

समीक्षाने तिला पुन्हा निजवलं. मग गुडघे टेकून खाली बसली.

"घाडी-सान, ओकिमाशो का?"

मथुरा वर पाहत पडून राहिली. पत्र्याखालच्या प्लायला पाणी मुरून एक डाग पडलेला होता, गावच्या पाणंदीसारखा वाकडातिकडा. खोलीत इतकी वर्षं राहून तिने तो पाहिलाच नव्हता. चंदर रोज पाहत असणार.

"आई, उत्तर दे ना. उठायचंय का तुला?"

उठायचंय का. मथुरेने खरंच विचार करून पाहिला. लग्न होऊन आल्यापासून ती पहाटे उठत होती. उठायचंय का, असं कधी कुणी खाटेशी येऊन विचारलं नव्हतं. तिनेही नव्हतं विचारलं.  लेक खाली बसलेली, हात मांडीवर. घाई नाही.

"थांब," शेवटी मथुरा म्हणाली. "जरा पडते."

"पड."

ती पडून राहिली. कानांमागून पाणी उशीत उतरत होतं, ते तिने पुसलं नाही. खिडकीशी चंदर खुर्चीत बसून दोघींकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत त्या वेळी काय होतं, हे मथुरेला पुढे कितीदा आठवूनही नीट सांगता आलं नाही. राग नव्हता, एवढंच ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी ती खाटेशी बसली, शब्द उच्चारला आणि हात पदराखाली धरून ठेवले. चंदरने तिला मुद्दाम ताटकळत ठेवलं. दूध उतू गेलं, त्याचा वास आला, समीक्षा उठू लागली तशी मथुरेने तिला डोळ्यांनीच बसवलं. आणि मग टक्.

त्या महिन्याच्या अखेरीस समीक्षा गेली. विमानतळावर मथुरा गेली नाही, चंदरला सोडून कशी जाणार? निघताना समीक्षा बापाशी काहीतरी पुटपुटली आणि उत्तराची वाट पाहत बसली. त्याचं बोट इतका वेळ हललं नाही की खालचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. मग हललं. "जा म्हणाले," समीक्षा म्हणाली आणि मागे न बघता जिना उतरली.

गणपती, नवरात्र, दिवाळी, सगळं त्या एका टकटकीवर पार पडलं. मथुरा सकाळी विचारायची, तो बसायचा, पेज प्यायचा, खिडकीतून गल्ली बघायचा. समीक्षाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "बाबा उठले?" आणि मथुरा मोठ्या तोऱ्यात सांगायची की उठले, केव्हाचे उठले.

तुळशीचं लग्न झालं आणि बोट थांबलं.

पहिल्या सकाळी तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिने पुन्हा विचारलं. चंदर जागा होता. तिच्याकडे पाहत होता. पाहता पाहता त्याने डावा हात कडेवरून उचलला आणि पांघरुणाखाली घेतला. एवढंच. दुसऱ्या सकाळीही तेच, तिसऱ्या सकाळीही.

जानकी म्हणाली, विचारतेस काय त्याला, उचल आणि बसव. इतकी पोरं हाताखालून गेली तुझ्या, आणि ह्याला विचारत बसतेस? मथुरेच्या हातांनाही तेच वाटत होतं. तो आता हलका झालेला, उजवा खांदा नुसतं हाड. हत्ती कधीच गेला होता. एका सकाळी तिने न विचारता हात घातला आणि उचलला. चंदरने कड धरली नाही. लाकूडही झाला नाही. उचलाल तसा उचलला गेला, मान तिच्या खांद्यावर पडली, आणि तशा पडलेल्या मानेने त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याला हळूच परत निजवलं आणि पांघरूण नीट केलं. त्यानंतर ती फक्त कूस बदलायची, तेही सांगून, थांबून. पाठीला तेल लावायची. डॉक्टर आले, छातीला नळी लावून त्यांनी ऐकलं, आणि या वेळी काही बजावलं नाही.

"बाबा उठले?" फोनवर समीक्षा.

"उठले."

उठले, उठले, असं ती रोज सांगत गेली. खरं सांगितलं की पोरगी पहिल्या विमानाने परत येणार, आणि आल्यावर बापाला उठवणार. आणि त्याला तर उठायचंच नव्हतं. पण व्हिडिओ लावला की मथुरा नुसता चेहरा दाखवते, उशी दिसू देत नाही, हे समीक्षाने हेरलं. तिचं कामच ते. एका शनिवारी ती म्हणाली, "उद्या मला बसलेले दाखव. पूर्ण. नाही दिसले तर मी येते."

रविवारी सकाळी मथुरेने चंदरची दाढी केली, केस विंचरले, पॅकिंग खात्यातल्यांनी निवृत्तीला दिलेला निळा शर्ट काढला. मग गुडघे टेकून खाली बसली. कंबर ओरडली.

"समीक्षा बघणार आहे," ती म्हणाली. "बसलेलं बघायचंय तिला. नाही वाटलं तर नका बसू. मी सांगेन तिला काय ते." आणि मग, "घाडी-सान, ओकिमाशो का?"

ती थांबली. बाहेर कुणी पितळी भांडं घासत होतं, ते घासून संपलं. जानकीच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मथुरेने शब्द पुन्हा उच्चारला नाही.

पांघरुणाखालून हात बाहेर आला. कडेपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. टक् असा आवाज झाला नाही, नुसतं बोट टेकलं. तिने ते पाहिलं.

तो बसला. तिने पाठीमागून आपला खांदा लावला आणि फोन समोरच्या डब्याला टेकवला. पलीकडे समीक्षा, निळ्या गणवेशात, मागे खिडकीबाहेर पांढरं पडलेलं. ती हसली, रडली, बाबा किती छान दिसताय म्हणाली. तिकडच्या एका आजीबद्दल सांगत होती, रोज नाही म्हणते, मग आम्ही पुन्हा थोड्या वेळाने जाऊन विचारतो. "आणि कधी कधी नाहीच उठत," समीक्षा म्हणाली. "मग नाही उठवत." बोलता बोलता ती मधेच थांबली. तिने बापाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. काय ओळखायचं ते तिने ओळखलं असावं. येते, असं ती म्हणाली नाही. तिने हात जोडले, तिकडच्या रीतीने खाली वाकली, आणि फोन बंद झाला.

चंदरचं सगळं वजन आता मथुरेच्या खांद्यावर होतं. श्वास घरघरत होता. त्याला निजवायला हवं होतं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की निजायचा शब्द लेकीने शिकवलाच नाही. उठायचा तेवढा शिकवला. आता विचारायचं कशात?

"निजता का?" मथुरेने विचारलं.

साधं, घरचं. तिचाच आवाज तिला अनोळखी वाटला. मग ती थांबली, जितका वेळ लागेल तितका. खाटेची कड लांब होती. चंदरचं बोट जवळच्या जवळ तिच्या मनगटावर आलं आणि टेकलं.

तिने त्याला निजवलं.

संक्रांतीच्या आधी तो गेला, सकाळी, कूस बदलायला म्हणून ती विचारत होती तेव्हाच. ती थांबून राहिली आणि मग तिला कळलं. समीक्षाला पोचायला दोन दिवस लागणार होते. तिनेच फोनवर सांगितलं की माझ्यासाठी त्यांना थांबवून ठेवू नका.

गल्लीत तिरडी बांधून झाली. चाळीतली माणसं जमली. हार घालून झाले, पाणी पाजून झालं. जानकीचा नितेश पुढे आला, खांदा द्यायला चौघं वाकलेली होती. त्याने खाली चाळीच्या दाराशी बसलेल्या मथुरेकडे पाहिलं आणि नेहमी विचारतात तसंच विचारलं.

"काकी, उचलायचं का?"

बायकांचं रडणं जरा थांबलं. चौघं तशीच वाकलेली. सगळी गल्ली मथुरेच्या तोंडाकडे बघत होती. तिने चंदरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नितेश पुन्हा विचारणार होता, पण जानकीने त्याला हाताने थोपवलं.

मथुरेचा हात दाराच्या चौकटीवर होता. तिचं बोट उचललं गेलं आणि लाकडावर एकदा पडलं.

नितेशला काही कळलं नाही. तो आईकडे बघू लागला.

"हो म्हणतेय ती," जानकी म्हणाली.